पाऊण पिशवी

आधी हात दाखव, दीपमाला.
अंगठी उद्यापासून घरी.
आता हा तक्ता बघ.
अक्षरं बारीक आहेत, मलाही सगळी लागत नाहीत,
पण रंग येतात. रास्ता पेठेतल्या या दवाखान्यात
बावीस वर्षं मी रंगांवर काढली.

पिवळ्यात रक्ताचा बोळा, पट्टी,
जे माणसाचं होतं ते.
तांबड्यात नळी, सलाइनची बाटली, हातमोजे.
मोजे कापून टाक,
नाहीतर कुणीतरी धुऊन पुन्हा विकतं.
निळ्या खोक्यात काच.
आणि हा पांढरा डबा. याच्यापाशी घाई नाही.
सुईला टोपण परत घालायचं नाही,
डॉक्टर म्हणाले तरी नाही.
रूथ सिस्टर म्हणायच्या,
टोपण घालणारा हात
आपल्याच दुसऱ्या हाताकडे सुई घेऊन जातो.

मला टोचली होती.
चादरीच्या घडीत होती, कुणाची ते कळलंच नाही.
सिस्टरांनी बोट नळाखाली धरलं, पिळू दिलं नाही.
अठ्ठावीस दिवस गोळ्या.
नवऱ्याला सांगितलं, पित्ताच्या आहेत.
अठ्ठावीस दिवस मी वेगळ्या ताटात जेवले.
डॉक्टर म्हणाले होते, ताटाचा काही संबंध नाही.
मलाही माहीत होतं.
ते ताट अजून वरच्या फळीवर आहे,
रिपोर्ट चांगला आला तरी.

माझी जाऊ धनकवडीत दारोदार कचरा गोळा करते.
तिच्याकडे ना तक्ता ना डबा.
एका बंगल्यातल्या आजोबांच्या इन्सुलिनच्या सुया
केळीच्या सालीत यायच्या.
भांडली नाही. तेलाचा रिकामा कॅन नेऊन दिला,
म्हणाली, यात टाका, झाकण घट्ट.
दिवाळीत त्यांनी तो भरून दिला,
वर कागद चिकटवलेला, वळणदार अक्षर :
आत सुया आहेत. जपून.
ती म्हणते, तो कॅन मी दोन्ही हातांनी धरला,
प्रसादासारखा.

बरं, परवाचं ऐक.
चार नंबरची बाळंतीण मुळशीकडची.
तिची सासू लेबर रूमच्या दारात उभी :
वार द्या बाई. गोठ्यामागं पुरायचीय,
आमच्या सगळ्यांची तिथंच हाये.
मी नियम सांगितला.
पिवळी पिशवी, बारकोड,
अठ्ठेचाळीस तासांच्या आत गाडी,
मग भट्टी.
भट्टीत? म्हणाली.
जितं पोर झालंय आमच्यात.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
तक्त्यावरही नाही, मी पुन्हा पाहिलं.

माझी दोन्ही पोरं इथलीच.
नाळ कुठं पुरली म्हणून कुणी विचारलं
तर मी म्हणते, पुण्यात.
पुण्यात कुठं, ते अजून
कुणी विचारलेलं नाही.

तिला आत घेता येत नव्हतं.
मी पिशवी दाराच्या काचेशी आणली
आणि तिच्यासमोर गाठ मारली. दोनदा.
तिनं कनवटीची पुडी सोडली, हळदीची.
मी मान हलवली, पिशवीला नाही.
मग तिनं चिमूटभर खाली टाकली,
दाराबाहेर, फरशीवर,
आणि वाकून काहीतरी पुटपुटली.
फरशी लगेच पुसायची असते.
पुसली मी.
पण सकाळी.

हे कुणाला सांगू नकोस,
नाहीतर सांग, तुझी मर्जी.

एक राहिलं.
पिशवी पाऊण भरली की बांधायची.
नवीन पोरी कोंबतात, म्हणतात एक पिशवी वाचली.
वरचा पाव रिकामाच ठेवायचा.
गाठ बसायला जागा लागते.

चल, मोजे घाल.
गाडी सव्वासहाला येते,
ड्रायव्हर हॉर्न एकदाच वाजवतो.